कातळावर टेपचं दुसरं टोक धरणाऱ्या आबांस

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरच्या, वनस्पतींच्या नोंदी या पावसाळ्यापुरत्या आटोपल्या. अहवालात तुमचे आभार एका ओळीत उरकले जातील. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

रत्नागिरीकडच्या कातळसड्यांची सातबाऱ्यावर बहुतेकदा 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, अशी बोळवण होते. आमच्या नकाशावरही सगळं सपाट, एकसारखंच दिसत होतं. तुम्ही काठीनं दाखवत गेलात: इथलं पाणी दसऱ्यापर्यंत टिकतं, इथलं ऊन पडलं की तासाभरात आटतं. त्यावरून आम्ही उघडा कातळ, पाण्याचे खळगे आणि मातीचे पट्टे वेगळे केले. मग प्रत्येकात चिठ्ठ्या टाकून मीटरभर लांबी-रुंदीच्या चौकटींच्या जागा ठरवल्या.

"फुलं तिकडं, नि चौकट इकडं कशाला?" तुमचा प्रश्न रास्त होता. पण फुलं बघून चौकट टाकली की अख्खा सडा फुलांचाच भासतो. उघडा कातळही मोजायलाच हवा.

आम्ही मातीत सळई खुपसायचो, तुम्ही आधीच सांगायचात, "दोन बोटं." पट्टीवर साडेतीन सेंटिमीटर! तेवढ्याशा ओल्या मातीत सीतेची आसवं आणि गेंद ही रानफुलं. या मातीत नत्र कमी, म्हणून सीतेची आसवं बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून भूक भागवतात. चार पावलांवर माती खोल झाली की गवत आणि कवला.

एका चौकटीतल्या जाती म्हणजे अल्फा विविधता, चौकटीगणिक होणारा बदल म्हणजे बीटा, अख्ख्या सड्याची गॅमा. ही मांडणी अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६० साली केली. सड्याची श्रीमंती मधल्या बीटात आहे, असं माझं मत. म्हणूनच 'अर्धा सडा राखू, अर्ध्यावर चिरेखाण काढू' हा हिशेब मला पटत नाही. राखलेल्या अर्ध्यात गेलेल्या अर्ध्यातलं सगळं असेलच कशावरून?

भर वाऱ्यात टेपचं टोक धरलंत, इरलं आमच्या वह्यांवर धरलंत, आणि चहाचे पैसे कधी घेतले नाहीत (याबद्दल मात्र तक्रार आहे). मनापासून आभार.

पुढच्या जूनमध्ये दीपकाडी फुलायच्या सुमारास पुन्हा येतोय. म्हशी खुशाल चरू देत, चराईचीही नोंद हवीच आहे. फक्त चौकटींच्या खुणेच्या लाल मेखा कुणी उपटू नयेत, एवढं वाडीत सांगून ठेवा.

आपली,
सर्वेक्षण गटातली एक