जिना उलटा उतरताना

प्रिय मित्रा,

परवा डोंगरातली अर्धमॅरेथॉन संपल्यावर फोनवर "झाली रे एकदाची" एवढंच बोलून ठेवून दिला, त्याचा राग आला असेल तुला. पण तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उताणा पडलो होतो आणि त्यापुढच्या वाक्याला पुरेल एवढा श्वास नव्हता. आज तिसरा दिवस. खुर्चीतून उठायला अजून दोन्ही हात टेकावे लागतात. म्हटलं, उठायलाच नको, तुला पत्र लिहू.

आकडे आधी देऊन टाकतो, नाहीतर तू मजकुरात तेच शोधत बसशील. अंतर २१.०९७५ किलोमीटर, एकूण चढ ४८० मीटर, वेळ २ तास ३१ मिनिटं. सपाटीवर हेच अंतर मी १ तास ५८ मिनिटांत धावतो. तू मला नेस्मिथचा ठोकताळा सांगितला होतास, आठवतं? १८९२ सालच्या त्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा: ३ मैलांना एक तास आणि दर २००० फूट चढाला वर आणखी एक तास. म्हणजे ढोबळमानाने १० मीटर चढाला एक मिनिट. मी तेव्हा तुला हसलो होतो. "ते चालणाऱ्यांसाठी, मी धावणारा माणूस!" त्या हिशोबाने माझी ४८ मिनिटं जास्त जायला हवी होती. मी मनात १२ धरली होती. गेली ३३. हस आता.

सुरुवातीचे तीन किलोमीटर शेतांमधून, जवळजवळ सपाट. धुकं, ओलं गवत, पाचशे पावलांचा एकच थपथप आवाज. मग रस्ता वळला आणि समोर तो उभाच राहिला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, हा दुरूनही साजरा दिसत नव्हता. तरी मी धावत चढलो. आजूबाजूचे बरेच जण चालायला लागले होते, त्यांच्याकडे बघून मला जरा चढलंच होतं. त्यात विटकी टोपी घातलेले एक काका होते, साठी उलटलेली असावी. दोन्ही हात मांड्यांवर दाबून, नजर दोन हातांवरच्या जमिनीवर, छोटी छोटी पावलं. "चला काका, चला!" असं मी ओरडलोसुद्धा. ते म्हणाले, "व्हा तुम्ही पुढे." आठवलं की अजून कान गरम होतात.

माथ्यावर पोचलो तेव्हा छातीचा भाता झाला होता, पण पाय शाबूत होते. खरा मूर्खपणा तिथून पुढे. चार किलोमीटरचा उतार दिसला आणि मला वाटलं, गेलेला वेळ इथे वसूल करायचा. दिलं अंग सोडून. घड्याळात किलोमीटरला ४ मिनिटं ४० सेकंद! उभ्या जन्मात मी एवढा पळालो नव्हतो. लांब ढांगा, टाच आधी टेकायची, प्रत्येक पावलाला गुडघ्यापर्यंत हादरा. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. ताठ राहायची धडपड करत असतानाच तो ताणला जातो आणि त्याचे बारीक बारीक तंतू फाटतात. हे मी वाचलं होतं. पण तेव्हा काहीच दुखत नाही, तिथेच माणूस फसतो. बाराव्या किलोमीटरला दुसरा चढ लागला आणि पाय उचलायला गेलो तर मांड्या ओल्या पोत्यासारख्या. दम होता, पाय नव्हते. तेवढ्यात डावीकडून तीच विटकी टोपी. चालतच होते ते! आणि मी धावण्याचा आव आणत त्यांच्या मागे पडत होतो.

शेवटी मीही चालायला लागलो, त्यांच्या बरोबरीने. ते फार बोलले नाहीत. माझ्या पायांकडे एकदा बघून म्हणाले, "चढावर दम लागला तर थांबून घेता येतो हो. मांड्या गेल्या की त्या दिवसापुरत्या गेल्या." पुढच्या उतारावर त्यांना पाहिलं तेव्हा कळलं ते काय करत होते. तापलेल्या तव्यावर पाय पडल्यासारखी बारीक, भराभर पावलं, अंग किंचित पुढे, आवाज जवळजवळ नाहीच. दुसऱ्या वळणाला ते दिसेनासे झाले.

पुढचे पाच-सहा किलोमीटर सांगण्यासारखे नाहीत. खडी होती, अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटून काळं झालं, एवढं पुरे. घड्याळाने मात्र शेवटी २१.४ दाखवले. आयोजकांवर खापर फोडणार होतो, पण शर्यतीचं अंतर वळणावळणाची आतली कड धरून, सगळ्यात जवळच्या वाटेने मोजतात. मी प्रत्येक वळणाला बाहेरून झोकांड्या खात गेलो, त्याचा भुर्दंड.

आणि ते शेवटचे ९७.५ मीटर! १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन राजघराण्याच्या आसनासमोर संपवली, पूर्ण मॅरेथॉनचा ४२.१९५ किलोमीटर हा विचित्र आकडा तिथला, आणि १९२१ मध्ये तो कायमचा झाला. त्यातला निम्मा भुर्दंड माझ्या वाट्याला, तोही चढावर. काका केव्हाच पोचून झाडाखाली बसले होते. मला पाहून काही न बोलता सरकले आणि सावलीत जागा करून दिली.

सध्या मी जिना उलटा उतरतो, कठड्याला धरून. सरळ उतरलो तर मांड्या ओरडतात. शेजारचं पोरगं काल माझ्यासमोर तसंच उलटं उतरत होतं, त्याला तो खेळ वाटला. एक मात्र खरं, स्नायूंना एकदा असा मार बसला की पुढचे काही आठवडे तोच उतार त्यांना कमी दुखवतो. एवढं सोसलंय तर ते फुकट का घालवायचं? दोन आठवड्यांनी रविवारी पुन्हा एखाद्या उतारावर जाणार आहे, या वेळी बारीक पावलांनी. येतोस? चढ तू म्हणशील तसा चालत चढू, मिनिटं तूच मोज.

तुझाच,
लंगडा मित्र