कोऱ्या पावत्यांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातली रसायने आणि ज्येष्ठांचे हृदय यावरचा कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख दोनदा वाचला. दोनदा अशासाठी, की फिक्या हिरव्यावर छापलेली पांढरी अक्षरं पहिल्या खेपेला मला दिसलीच नाहीत. शेवटी बायकोने खिडकीशी बसून वाचून दाखवला. त्यातच सल्ला असा, की ज्येष्ठांनी वस्तूवरचं बारीक लेबल वाचल्याशिवाय ती घेऊ नये. असो.

गरम जेवण प्लास्टिकच्या डब्यात काढू नका, सुगंधी फवारे मारू नका, डबाबंद पदार्थ टाळा. सगळं मान्य. वय ७४, छातीत दोन स्टेंट. टाळायचं अजून काय उरलं असेल तेही टाळतो. पण तुमची सगळी यादी आम्ही पैसे मोजून घेतो त्या वस्तूंची. न मागता जे हातात कोंबलं जातं त्याबद्दल एक ओळ नाही. मी औषधाच्या दुकानातल्या पावतीबद्दल बोलतोय. ती गुळगुळीत, आपोआप सुरळी होणारी.

माझी सगळी नोकरी रेकॉर्ड विभागात गेली. कागद जपणं एवढंच मला येतं, पण ते येतं. अँजिओप्लास्टीनंतर दर महिन्याची औषधाची पावती मी पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून, तारखेनुसार फाईलला लावत आलो. वर्षाअखेरीस ती फाईल घेऊन विमा कंपनीत गेलो (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही). तिथल्या मुलाने एक पावती उजेडात धरली, उलटी केली, दुसरी धरली आणि म्हणाला, “आजोबा, या तर कोऱ्या आहेत.” बारापैकी सात कोऱ्या! उरलेल्या पाचांवर दुकानाचं नाव लागत होतं, रक्कम नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की घरून कोरे कागद आणून पैसे मागणारा मी पहिलाच. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद सांभाळले आणि स्वतःचे सात गेले, याचा त्रास नामंजूर झालेल्या रकमेपेक्षा जास्त झाला.

पुतण्या ही पावत्यांची यंत्रं दुरुस्त करतो. तो हसलाच. “काका, त्यात शाई नसतेच. कागदालाच लेप असतो, उष्णता लागली की काळा पडतो. नखाने ओढून बघा.” ओढलं. काळी रेघ उठली. रंग उमटवायला त्या लेपात जे रसायन घालतात, ते बऱ्याच कागदांत बिस्फेनॉल ए, म्हणजे तुमच्या लेखातलं बीपीए, नाहीतर त्याचा चुलतभाऊ बीपीएस. टणक प्लास्टिकमध्ये बीपीए रेणूंच्या साखळीत अडकलेलं असतं. पावतीवर ते सुटं असतं, म्हणून बोटाला लागतं. मग माझी अक्षरं कुठे गेली? ती खाल्ली पाकिटाने. मऊ पीव्हीसी लवचिक राहावं म्हणून त्यात थॅलेट्स मिसळतात. ती झिरपून कागदावर आली आणि छपाई पुसली गेली. थॅलेट्स प्लास्टिकमधून बाहेर पडतात, हे लेखिकाबाईंनी एका वाक्यात उरकलं. माझ्याकडे त्याचा पुरावा आहे. तारखेनुसार लावलेला.

पावती धरल्याने हृदयविकाराचा झटका येतो असं मी म्हणत नाही. तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण तुम्ही मथळा केलात तो इटलीतल्या २०२४च्या अभ्यासाचा, ‘प्लास्टिकने धोका साडेचार पट’. मानेच्या रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीच्या थरात ज्यांच्या प्लास्टिकचे कण सापडले त्यांच्यात पुढच्या जवळपास तीन वर्षांत झटका, पक्षाघात किंवा मृत्यू जास्त आढळले, एवढंच त्यात आहे. प्लास्टिकनेच झालं असं संशोधकही म्हणत नाहीत. त्यापेक्षा आम्हा म्हाताऱ्यांवरच झालेला कोरियातला प्रयोग द्यायचा होता. साठीपुढच्या ६० जणांना तेच सोयादूध कधी काचेच्या बाटलीतून, कधी डब्यातून दिलं. त्या डब्यांच्या आतल्या लेपात बीपीए होतं. दोन डबे प्यायल्यावर दोन तासांत वरचा रक्तदाब काचेच्या मानाने सुमारे साडेचार अंकांनी जास्त भरला. आकडा लहान आहे, पण ज्याचा रक्तदाब रोज वहीत लिहिला जातो त्याला तो लगेच कळतो.

औषधाच्या दुकानात गल्ल्याशेजारी सॅनिटायझरची बाटली असते. आम्ही शहाण्यासारखे हात चोळतो आणि ओल्या हाताने पावती घेतो. अमेरिकेत २०१४ साली करून पाहिलंय; सॅनिटायझर लावून लगेच असा कागद धरला तर बीपीए हातावर कितीतरी जास्त येतं. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून अशा कागदात बीपीएला जवळजवळ बंदी केली, तर बऱ्याच कारखानदारांनी चुलतभाऊ आणला. यात ज्येष्ठांनी काय टाळायचं होतं ते लेखिकाबाईंनी जरूर कळवावं.

दुकानदार सज्जन आहे. म्हणतो, “काका, बिल मोबाईलवर पाठवतो, पावती नकोच.” विमा कंपनी म्हणते, मूळ कागदी पावतीच हवी. म्हणून आता पावती मिळाली की त्याच दिवशी झेरॉक्स काढतो, मूळ पावती साध्या कागदी लिफाफ्यात ठेवतो आणि घरी येऊन साबणाने हात धुतो. झेरॉक्सवाला मुलगा दिवसभर असे कागद उघड्या हाताने हाताळतो, त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, तुम्हीच जपा आजोबा.

आपला,
एक नियमित वाचक

ता. क. : शब्दकोडंही गेले तीन रविवार त्याच फिक्या हिरव्यावर येतं आहे. चौकटीतले आकडे दिसत नाहीत. आणि मागच्या वेळी उभ्या ९ ची जागा पाच अक्षरांची, तुमचं उत्तर चार अक्षरांचं होतं.