दत्तास पत्र : रोमच्या स्टेशनामागून

रोम,
१४ ऑक्टोबर, रात्रीचे साडेदहा

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुला एवढंच सांगितलं, की पोचलो, सुखरूप आहोत आणि सुधाच्या गुडघ्याने अजून तरी त्रास दिलेला नाही. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. फोटो पाठवले असते, पण त्यांतून हे कळलं नसतं. म्हणून आत्ता खाली जाऊन काउंटरवरून कोरे कागद मागून आणलेत. सुधा झोपली आहे. खिडकीखालून अजून माणसं बोलत जाताहेत, त्यांतल्या निम्म्यांची भाषा बंगाली आहे. रोममध्ये बसून तुला हे लिहितोय!

आमचं हॉटेल टर्मिनी स्टेशनच्या पाठीमागे आहे, एस्क्विलिनो नावाच्या भागात. बुकिंग केलं तेव्हा ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी नाक मुरडलं. 'स्टेशनजवळ कशाला राहताय, पाकीटमार असतात, रात्री बाहेर पडू नका.' त्यामुळे आलो तेव्हा माझ्या पोटात गोळाच होता. त्यात सकाळी आठला हॉटेलवर पोचलो, तर खोली दोन वाजता मिळेल म्हणाले. सहा तास काढायचे, रात्रभर विमानात झोप नाही, आणि बॅगा ठेवून घेण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. सुधा म्हणाली, "चला, इथंच आसपास पाय मोकळे करू." त्या दिवशी पाय मोकळे केले ते अजून थांबलेले नाहीत. कलोसियम उद्या बघू. तीन दिवस आम्ही हॉटेलपासून फार तर वीस मिनिटांच्या टापूत फिरतोय, आणि मला जराही चुकल्यासारखं वाटत नाही.

बाहेर पडलो की पाच मिनिटांवर पियात्सा व्हित्तोरियो हा मोठा चौक लागतो. मधे बाग, चारी बाजूंना उंच इमारती आणि त्यांच्याखालून सलग कमानी. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्याला कमानीखालून ऊन चुकवत चालतो ना आपण, अगदी तसं चालता येतं. रोम १८७० मध्ये इटलीत सामील झालं, पुढच्या वर्षी राजधानी झाली आणि मग सरकारी नोकरांना घरं हवीत म्हणून हा भाग बांधून काढला. राजघराणं उत्तरेतल्या तोरिनोचं, म्हणून कमानीही तिकडच्या. आता त्या कमानींखाली चिनी कपड्यांची दुकानं, बांगलादेशी किराणा, पैसे पाठवायच्या पेढ्या. रात्री खांबाच्या आडोशाला माणसं पुठ्ठे अंथरून झोपतात, तेही आहे. तुझ्यापासून लपवत नाही. पाकीट आतल्या खिशात ठेवतो, एवढी काळजी पुरते. भीती मात्र पहिल्याच दुपारी गेली.

ती कशी गेली ते सांगतो. चौकाजवळ एक मंडई आहे. पूर्वी ती त्या बागेभोवती उघड्यावर भरायची. २००१ मध्ये तिला जवळच्याच जुन्या लष्करी बराकीत हलवलं. आत शिरलो आणि सुधा जागीच थांबली. समोर कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, कारली, भेंडी, आल्याचे ढीग! शेजारच्या गाळ्यावर इटालियन आजी आर्टिचोक निवडताहेत, पलीकडे कुणी आफ्रिकन बाई वाळवलेले मासे बघतेय. भाजीवाला मुलगा सिल्हेटचा. आमच्याकडे बघून सरळ हिंदीत म्हणाला, "चाची, भेंडी ताज़ा है." सुधाने सवयीने एका भेंडीचं टोक मोडून बघितलं. तो हसला आणि म्हणाला, "माझी आईपण असंच करते." भेंडी घेऊन करणार काय, हॉटेलात चूल थोडीच आहे! पण सुधाने पावशेर घेतली, आणि ती पिशवी अजून खोलीतल्या टेबलावर आहे. मी काही बोललो नाही. परक्या गावात तिला कुणीतरी चाची म्हटलं होतं.

चौकातल्या बागेत एक दगडी दार आहे. फक्त चौकट, आत भिंत. पालोम्बारा नावाच्या एका सरदाराच्या बागबंगल्याचं हे दार, १६८० च्या सुमाराचं. या सरदाराला किमयेचा नाद होता. गोष्ट अशी सांगतात, की सोनं बनवणारा एक पाहुणा रात्री त्याच्या बागेत उतरला आणि सकाळी नाहीसा झाला. मागे राहिले सोन्याचे कण आणि न कळणाऱ्या खुणांनी भरलेला कागद. कुणीतरी अर्थ लावेल म्हणून सरदाराने त्या खुणा दारावर कोरून ठेवल्या. गोष्ट खरी की खोटी, देव जाणे. मला आवडलं ते उंबऱ्यावरचं लॅटिन वाक्य : 'सी सेदेस नॉन ईस'. बसलास तर जाणार नाहीस. आणि तीच अक्षरं शेवटाकडून उलटी वाचली, की होतं 'सी नॉन सेदेस ईस', म्हणजे न बसलास तर जाशील. सुधाला हे सांगितलं तेव्हा ती बागेतल्या बाकावर बसली होती. तशीच उठली आणि म्हणाली, "चला मग."

दुसऱ्या बाजूला सांता मारिया माज्जोरे हे थोरलं चर्च आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये गेलेले पोप फ्रान्सिस यांना तिथंच ठेवलंय. साधा दगड, त्यावर फक्त नाव. रांग मोठी होती, पण लोक शांत होते, आम्हीही उभे राहिलो. त्याहून मला जवळचं वाटलं ते त्याच्याच शेजारच्या गल्लीतलं सांता प्रासेदे. बाहेरून इतकं साधं, की ओलांडून पुढे जाशील. आत एका बाजूला काळोखी लहानशी खोली आहे. भिंतीवरच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि डोक्यावरचं सगळं छत सोन्याचं होतं! काचेच्या बारीक तुकड्यांची नक्षी आहे ती, बाराशे वर्षांपूर्वीची. पास्काल नावाच्या पोपने ती आपल्या आईसाठी करवून घेतली. आई तेव्हा हयात होती, म्हणून तिच्या डोक्यामागचं तेजोवलय गोल नाही, चौकोनी आहे. संतांना गोल, जित्या माणसाला चौकोनी. मिनिटभराने दिवा गेला. मी आणखी एक नाणं टाकलं, मग आणखी एक. आपल्या आईला देवाच्या रांगेत बसवायचं आणि वर खूण करून ठेवायची, की ही अजून आहे आमच्यात. मला आमची आई आठवली, दत्ता. दिवा गेला ते बरंच झालं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ते.

आज सकाळी रेल्वेच्या रुळांना धरून जाणाऱ्या जोलित्ती रस्त्याने पोर्ता माज्जोरेपर्यंत चालत गेलो. रस्ता काही सुंदर नाही. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला जुनी घरं. वाटेत नळ लागतात, बिडाचे, बुटके, वाकड्या नाकासारख्या तोटीचे. 'नाझोने' म्हणतात त्यांना, म्हणजे मोठं नाक. १८७४ पासून शहरभर बसवलेत, पाणी अखंड वाहतं आणि पिण्याजोगं असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं, की वरच्या भोकातून धार उडते, वाकावं लागत नाही. हे मला एका शाळकरी पोराने दाखवलं.

पोर्ता माज्जोरे म्हणजे दोन प्रचंड कमानी. मूळचं ते दार नव्हेच. इ. स. ५२ मध्ये क्लॉडियस बादशहाने शहरात पाणी आणलं, ते रस्त्यावरून नेण्यासाठी या कमानी बांधल्या. वर एकावर एक असे दोन पाट आहेत. आता चहूकडून ट्राम येतात आणि कर्कश वळतात. आणि त्या गोंगाटात, कमानीला अगदी खेटून, कठड्याच्या आत एक विचित्र उंच दगडी बांधकाम उभं आहे. खाली उभे गोल खांब एकमेकांना चिकटून, वर ओळीने गोल गोल भोकं. मला आधी कारखान्याचा अवशेष वाटला. जवळ जाऊन पाटी वाचली आणि अंगावर काटा आला.

ती एका भट्टीवाल्याची समाधी आहे रे.

मार्कुस व्हेर्गिलियुस युरिसाकेस. साधारण दोन हजार पन्नास वर्षांपूर्वीचा पाववाला. नाव ग्रीक धाटणीचं, म्हणून तो आधी गुलाम असावा आणि पुढे सुटला असावा असं मानतात. मग त्याने सरकारी ठेके घेतले, पैसा मिळवला आणि भर रस्त्यावर, दोन वाटा फुटतात त्या बेचक्यात, समाधी बांधली. ती गोल भोकं म्हणजे कणीक मळायची भांडी, असं म्हणतात. आणि वरच्या कडेला चारी बाजूंनी कोरीव पट्टी होती, तिच्यात त्याचा सगळा धंदा. मान उंच करून करून माझी मान दुखली, पण मी अर्धा तास हललो नाही. धान्याचा हिशेब करणारे कारकून. जात्याला जुंपलेली गाढवं. पीठ चाळणारे गडी. मग लांब टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं ओळीने उभी, प्रत्येकाच्या हाताखाली गोळा. पुढे घुमटासारखी भट्टी आणि तिच्या तोंडाशी लांब दांड्याची फळी घेतलेला माणूस. शेवटी मोठ्या तराजूत टोपल्या चढवून पाव मोजतात आणि पाठीवरून नेतात.

तो फळीवाला बघितला आणि मला अण्णाच दिसले. तसेच वाकलेले, डावा पाय पुढे, उजवा खांदा मागे. आपण सातवीत असताना पहाटे तुमच्याकडे अभ्यासाला यायचो आणि भट्टीच्या उबेला बसायचो, तेव्हा अण्णा असेच उभे असायचे. लादी बाहेर आली की पहिला पाव तोडून आपल्या दोघांना.

शाळेत तुला 'पाववाल्या' म्हणून हाक मारायचे, ते तुला किती लागायचं मला माहीत आहे. वहीवर तू आडनाव ठळक लिहायचास आणि वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात 'व्यापार'. या माणसाने स्वतःच्या समाधीवर, नावाला जोडून, दगडात खोदलंय : 'पिस्तोर'. पाववाला. एका बाजूला नाही, अनेक बाजूंना तीच ओळ. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावी म्हणून.

त्याच्या बायकोचा, आतिस्तियाचा, दगडही तिथं जवळच सापडला. त्यावर लिहिलंय, की ती माझी बायको होती, फार चांगली बाई होती, आणि तिचं जे काही उरलं ते या पावाच्या टोपलीत आहे. टोपलीला शब्द वापरलाय 'पानारियुम'. लॅटिनमधला 'पानिस', तोच पोर्तुगिजांच्या तोंडी 'पाँव' झाला आणि गोव्याच्या किनाऱ्याने आपल्याकडे 'पाव' म्हणून आला. म्हणजे तुमच्या दुकानाच्या पाटीवरचा शब्द आणि त्या बाईच्या दगडावरचा शब्द एकाच घरातले आहेत. हे मी तिथं उभ्या उभ्या सुधाला सांगितलं, तेव्हा माझा आवाज नीट नव्हता.

पाचव्या शतकात तटबंदी वाढवताना त्या समाधीवर बुरूज चढवला आणि ती आत गाडली गेली. १८३८ मध्ये बुरूज पाडले, तेव्हा पाववाला पुन्हा उजेडात आला. चौदाशे वर्षं भिंतीच्या पोटात.

परत येताना एका भट्टीत शिरलो, 'फोर्नो' म्हणतात. तुझ्यासाठी मुद्दाम सगळं नीट बघून ठेवलंय. 'पित्सा ब्यांका' म्हणजे हातभर लांबीची चपटी भाकर, वर तेल आणि जाडं मीठ, मागशील तेवढी कापून वजनावर देतात. आणि 'रोझेत्ता' नावाचा पाव आहे, गुलाबासारखा, मधे गोल आणि भोवती पाच पाकळ्या. वर साच्याने ठसा मारतात. कडक कवच आणि आत चक्क पोकळ! ब्रुनसारखा वाटतो, पण ब्रुनला आत मऊ गर असतो, याच्यात नुसती हवा. ती पोकळी कशी धरतात ते मी त्या बाईंना खुणांनी विचारलं, त्यांनी खूप समजावलं, मला एक अक्षर कळलं नाही. तू असतास तर हात बघूनच ओळखलं असतंस.

मग फासी नावाच्या दुकानात आइस्क्रीम खाल्लं. १८८० पासूनचं घराणं. त्यांच्याकडे तांदळाचं आइस्क्रीम मिळतं, थेट गार खिरीसारखं लागतं. सुधाने दोनदा घेतलं.

मागच्या महिन्यात तू म्हणालास, अण्णांनंतर भट्टीत लक्ष लागत नाही, जागा बिल्डरला देऊन टाकावी म्हणतोस. तेव्हा मी 'बघ बाबा, तुझं तू' असं काहीतरी म्हणालो. ते मनापासून नव्हतं. माझं मत आत्ता लिहून देतो : देऊ नकोस. निदान मी येईपर्यंत सही करू नकोस. पोरांना नको असेल तर नको, त्यांचं त्यांना. पण तुला अजून पहाटे तीनला आपसूक जाग येते, हे मंगलवहिनींनीच मला सांगितलंय.

मंडईजवळच्या भांड्यांच्या दुकानात रोझेत्ताचा साचा मिळाला. तुझ्यासाठी घेतलाय, बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलाय. आम्ही एकवीसला मुंबईत उतरतो, बावीसच्या रात्रीच्या गाडीने कराडला. पहाटे स्टँडवर उतरलो की घरी न जाता आधी तुझ्याकडे येईन. कणीक भिजवून ठेव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. सुधाची भेंडी उद्या त्या सिल्हेटच्या मुलालाच परत नेऊन देणार आहे, त्याच्या घरी शिजेल.

तुझा,
विनायक