झिरो पाहावे ते तिथल्या शेतांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अरुणाचल प्रदेशातील झिरो हे खोऱ्यातले छोटे गाव अलीकडे सहलींच्या जाहिरातींत दिसू लागले आहे. त्यासोबत बहुधा एकच छायाचित्र असते : चेहऱ्यावर गोंदण आणि नाकपुड्यांत चकत्या असलेल्या, तिथल्या आपाटानी जमातीतील वृद्ध स्त्रीचे. ही प्रथा १९७०च्या दशकात समाजातील तरुणांच्याच पुढाकाराने बंद झाली. त्या खुणा आज केवळ म्हाताऱ्या बायांच्या चेहऱ्यावर उरल्या आहेत. आम्ही झिरोला सहलीला गेलो तेव्हा तिथल्या होंग गावात चटईवर धान्य पसरत बसलेल्या एका आजींनी कॅमेरे पाहताच पाठ फिरवली, तरी आमच्यातले काही जण वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. त्याची मला मनापासून लाज वाटली.

झिरोचा खरा वारसा आपाटानींच्या शेतात आहे. सुमारे दीड हजार मीटर उंचीवरच्या या सपाट खोऱ्यात नांगर वा बैल न वापरता, डोंगरातले ओहोळ पाटांनी खाचरांत वळवून भात पिकवतात. खाचरात चर खोदलेले असतात, पाणी उतरले की त्यात सोडलेले मासे चरांत गोळा होतात, आणि बांधांवर नाचणी डोलत असते (आपल्या कोकणातल्या माणसाला हे पाहून किती आनंद होईल!). भोवतीची बांबूची बने आणि देवदारासारखे दिसणारे पाइन घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले, म्हणूनच ते ओहोळ टिकले. युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत २०१४पासून आपाटानींच्या या भूप्रदेशाचा समावेश आहे.

बाहेरच्यांना अरुणाचलात जाण्यासाठी लागणाऱ्या इनर लाइन परवान्याबद्दल कुरकुर करणारे अनेक जण भेटतात. १८७३च्या नियमातून आलेल्या या परवान्यामुळे आपण तिथे पाहुणे आहोत याची निदान जाणीव राहते, असे मला वाटते.

सहल कंपन्यांना विनंती, की त्यांनी त्या वृद्ध स्त्रियांचे चेहरे जाहिरातींतून काढावेत, वाटाड्या स्थानिक घ्यावा आणि मुक्काम गावकऱ्यांच्या घरी ठेवावा. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये आणि पेरलेल्या बांधांवरून चालू नये, हे पर्यटकांना निघण्यापूर्वीच सांगावे. आपल्या पर्यटन पुरवणीतही झिरोवर लेख येईल तेव्हा त्यासोबत खाचरांचे छायाचित्र छापावे, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक