छापील मार्ग न कळवता उलटा फिरवल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
पर्यटन विभाग, बडोदे शाखा

दिनांक : १५ जुलै २०२४

विषय : २७ जून ते ६ जुलै २०२४ या काळातील हिमाचल प्रदेशातील किन्नौर-स्पिती सहलीत झालेली सेवेतील त्रुटी आणि भरपाईची मागणी

महोदय,

दांडिया बाजार परिसरातील तीन कुटुंबांतील आम्ही नऊ जणांनी आपल्या रावपुऱ्यातील कार्यालयात येऊन वरील सहलीचे आरक्षण केले आणि प्रत्येकी ३८,५०० रुपयांप्रमाणे ३,४६,५०० रुपयांची पूर्ण रक्कम प्रवासापूर्वीच भरली. सहलीहून परतल्यावर मी दूरध्वनीवरून तक्रार केली, तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी मला असे ऐकवले की कार्यक्रमपत्रिकेतील सर्व ठिकाणे झालेली असल्यामुळे तक्रारीला जागाच उरत नाही. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सविस्तर कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत मार्ग असा छापलेला होता : चंदीगडहून नारकंडा, सांगला, कल्पा, नाको, ताबो, काझा येथे दोन मुक्काम, नंतर चंद्रताल, मनाली आणि परत चंदीगड. त्याखाली ठळक अक्षरांत "किन्नौरमार्गे हळूहळू उंची गाठत जाणारी, ज्येष्ठांनाही मानवेल अशी सहल" असे वाक्य होते. याच मार्गावर आपल्यापेक्षा स्वस्त दर सांगणाऱ्या कंपन्या बडोद्यातच होत्या, परंतु त्या मनालीहून थेट वर नेत होत्या. म्हणून आम्ही जास्त पैसे मोजून आपल्याकडे आलो. बडोदे समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर आहे आणि आमच्यापैकी बहुतेकांची उंचीशी ओळख पावागढपुरती, तीही रोपवेने. माझ्या सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत. आमच्या डॉक्टरांनी आपली छापील पत्रिका समोर ठेवून, प्रत्येक मुक्कामाची उंची पाहून, मगच त्यांना प्रवासाची परवानगी दिली होती.

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचावू नये आणि अधूनमधून एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, हा विरळ हवेच्या प्रदेशात फिरणाऱ्यांना दिला जाणारा सर्वमान्य सल्ला आहे. आपण छापलेला मार्ग या सल्ल्याच्या बराच जवळ जाणारा होता. नारकंडा आणि सांगला सुमारे २,७०० मीटरवर, कल्पा २,९६० मीटरवर. पुढे नाकोची चढण थोडी मोठी, सुमारे ३,६६० मीटरपर्यंतची, पण लगेच दुसऱ्या रात्री ताबोला सुमारे ३,२८० मीटरवर उतार. त्यानंतर काझाला, सुमारे ३,६५० मीटरवर, दोन रात्री काढून मगच सुमारे ४,२५० मीटरवरच्या चंद्रतालला जायचे होते. प्रत्यक्षात आपण हाच मार्ग शेवटाकडून सुरू केला. पहिली रात्र मनालीत, सुमारे २,०५० मीटरवर, आणि दुसरी रात्र थेट चंद्रतालच्या तंबूंत. एका दिवसात सुमारे २,२०० मीटरची चढण झाली, आणि तीही मनालीच्या बाजूने जाणाऱ्या ज्या वाटेला टाळण्यासाठी आम्ही आपल्याला जास्त पैसे दिले होते, त्याच वाटेने.

२७ जून रोजी सकाळी चंदीगड स्थानकाबाहेर आपल्या सहल व्यवस्थापकांनी आम्हाला सांगितले की किन्नौरच्या वाटेवरील रिकाँगपिओच्या पुढे दरड कोसळल्याने रस्ता बंद आहे आणि त्यामुळे नाइलाजाने मनालीहून सुरुवात करावी लागत आहे. डोंगरात दरडी कोसळतात, हे आम्हालाही समजते. म्हणून आम्ही एका शब्दानेही हरकत घेतली नाही. परंतु २९ जून रोजी काझाच्या हॉटेलात नोंदणी करताना तेथील कर्मचाऱ्याने आपण पाठवलेले आरक्षणाचे व्हाउचर काउंटरवर ठेवले. त्यावर आमची नऊ नावे होती, २९ आणि ३० जून अशा मुक्कामाच्या तारखा होत्या, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत व्हाउचर तयार केल्याची तारीख होती : १८ जून. मूळ पत्रिकेप्रमाणे आमचे काझाचे मुक्काम २ आणि ३ जुलैचे होते. म्हणजे मार्ग उलटा करण्याचा निर्णय निघण्यापूर्वी नऊ दिवस झालेला होता, आणि २७ तारखेच्या दरडीला त्या निर्णयात कोणतेही स्थान असणे शक्य नाही. त्याच हॉटेलच्या भोजनगृहात भेटलेला पुण्याचा एक गट आदल्याच दिवशी नाको-ताबोमार्गे, वाटेत कुठेही न अडकता, काझात पोहोचला होता. खरे कारण दुसऱ्या गटाच्या खोल्यांशी जुळवाजुळव करण्याचे होते की गाडीच्या फेऱ्यांचे, याचा तर्क आम्ही करत बसत नाही. त्याचा खुलासा आपणच लेखी करावा.

आता २८ जूनच्या रात्रीविषयी. ग्रामफूनंतरचा रस्ता दगडधोंड्यांचा आणि ओढ्यानाल्यांचा असल्यामुळे बातल ओलांडून तंबूंपर्यंत पोहोचेतो दिवस मावळला. चंद्रताल हे रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतील, संरक्षित सरोवर आहे आणि त्याच्या काठाजवळ तंबू ठोकण्यास मनाई आहे, ती योग्यच आहे. परंतु त्यामुळे त्या संध्याकाळी सरोवर पाहणे शक्यच नव्हते. रात्री अकराच्या सुमारास सासूबाईंना असह्य डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, उठून उभे राहताना त्यांचा तोल जाऊ लागला. आमच्याजवळच्या ऑक्सिमीटरवर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ७१ टक्के, म्हणजे फारच कमी, आले. पत्रिकेत "गाडीत सदैव प्राणवायूची सोय" असे लिहिलेले असल्यामुळे आम्ही व्यवस्थापकांना उठवले. सिलिंडर होता. त्याच्या नळीवरचे प्लॅस्टिकचे वेष्टणही अजून काढलेले नव्हते, आणि दाबमापकाचा काटा शून्यावर टेकलेला होता. तेथे मोबाइलला नेटवर्क नाही. शेजारच्या तंबूवाल्यांनी स्वतःचा सिलिंडर आणून दिला नसता तर काय झाले असते, याचा विचार करण्याची माझी आजही तयारी नाही.

अशा वेळी रुग्णाला लवकरात लवकर खाली नेणे हा मुख्य उपाय असतो, आणि उलट्या मार्गाचा खरा धोका मला येथे कळला. चंद्रतालहून काझाकडे खाली जायचे तर आधी ४,५५१ मीटर उंचीची कुंझुम खिंड चढावी लागते. दुसरी वाट म्हणजे आदल्या दिवशी हाडे खिळखिळी करून आलेल्या त्याच रस्त्याने मनालीकडे परतणे. मूळ क्रमाने आलो असतो तर ती खिंड आम्ही आठवडाभर सरावलेल्या शरीराने ओलांडली असती. आता मात्र आजारी माणसाला आणखी वर चढवून मग खाली न्यावे लागले. फटफटताच चालकाने गाडी काढली आणि सावधपणे, पण कुठेही वेळ न दवडता आम्हाला काझाच्या सरकारी रुग्णालयात पोहोचवले. त्यांच्याविषयी आमची काहीही तक्रार नाही, उलट त्यांचे आभारच मानायचे आहेत. रुग्णालयात प्राणवायू आणि औषधे मिळाल्यावर दुसऱ्या दिवसापासून उतार पडू लागला, तरी डॉक्टरांनी लगेच प्रवासाला नकार दिल्याने मी आणि सासूबाई १ जुलैला गटाबरोबर निघू शकलो नाही. काझातील वाढीव मुक्काम आणि पुढे कल्पापर्यंतची स्वतंत्र टॅक्सी यांसाठी १७,८०० रुपये आम्ही पदरचे खर्च केले.

"सर्व ठिकाणे झाली" या आपल्या म्हणण्याविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. ज्या चंद्रतालचे छायाचित्र आपल्या पत्रिकेच्या मुखपृष्ठावर आहे, ते सरोवर आमच्या नऊ जणांपैकी एकानेही पाहिले नाही, कारण पहाटे सगळी गाडी रुग्णाला घेऊन निघाली. हिक्किम येथील सुमारे ४,४०० मीटर उंचीवरच्या डाकघरातून नातवंडांना पत्रे धाडण्याचे ज्येष्ठांनी ठरवले होते. मूळ क्रमात तो दिवस बुधवार होता, उलट्या क्रमात रविवार आला आणि डाकघराला कुलूप होते. वारही न तपासता केलेल्या बदलाला नियोजन म्हणणे मला जड जाते. इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ आम्हा दोघींना पाहताच आला नाही. त्याला हिमालयातील अजिंठा म्हणतात, आणि आत छायाचित्रे काढण्यास मनाई असल्यामुळे इतरांनी पाहिलेली भित्तिचित्रे आम्हाला मागाहून दाखवणेही शक्य नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जिची किंमत रुपयांत मागता येणार नाही. आमच्यात चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक होते. किन्नौरची देवदार आणि सफरचंदांची हिरवळ मागे पडत जाते, खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते, आणि मोसमी पाऊस अडवणाऱ्या पर्वतरांगांच्या पाठीमागे तोच हिमालय कोरडे, भुऱ्या-तांबड्या मातीचे वाळवंट होत जातो. हा बदल चढत्या क्रमाने पाहायचा आणि रोज एक रंगीत रेखाटन करायचे, असा त्यांचा बेत होता. आपल्या पत्रिकेतही या बदलाचे वर्णन अर्धे पान भरून आहे. त्यांनी वही बाहेर काढली ती थेट कल्पाला.

आपण नियम व अटींतील ज्या कलमाचा आधार घेतला, त्यात "अपरिहार्य परिस्थितीत" मार्गात बदल करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. १८ जून रोजी कार्यालयात बसून केलेला बदल अपरिहार्य परिस्थितीत मोडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) नुसार ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हीदेखील सेवेतील त्रुटी ठरते. ही माहिती आम्हाला १८ जूनला मिळाली असती तर सासूबाई घरी थांबल्या असत्या किंवा आम्ही सर्वांनीच आरक्षण रद्द केले असते. तो निर्णय आमचा होता आणि तो आपण आमच्याकडून काढून घेतला.

म्हणून आमची मागणी अशी की सहलशुल्काच्या तीस टक्के, म्हणजे १,०३,९५० रुपये, आणि वर नमूद केलेला १७,८०० रुपयांचा खर्च, असे एकूण १,२१,७५० रुपये आपण परत करावेत. मार्ग कोणी, कोणत्या कारणाने आणि कधी बदलला याचा लेखी खुलासा द्यावा. तसेच रिकामा सिलिंडर गाडीत कसा ठेवला गेला याची चौकशी करून तिचा निष्कर्ष आम्हाला कळवावा. पुढील सहलीच्या सवलतीचे कूपन, जे दूरध्वनीवर देऊ करण्यात आले, ते आम्हाला नको आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून वडोदरा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू. तक्रारदार जेथे राहतो तेथेच दावा दाखल करण्याची मुभा कायद्याने दिलेली असल्याने आपले मुख्य कार्यालय अन्यत्र असल्याची अडचण येणार नाही. पैसे भरल्याची पावती, मूळ कार्यक्रमपत्रिका, काझाच्या हॉटेलातील व्हाउचरचे छायाचित्र, रुग्णालयाची कागदपत्रे आणि टॅक्सी व मुक्कामाची बिले यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद आमच्याकडे आहेत आणि मागणी केल्यास आपल्या कार्यालयात येऊन दाखवू.

आपली,
(सही)
आरक्षणकर्ती, नऊ सहप्रवाशांच्या वतीने
दांडिया बाजार, बडोदे