मास्क गळतोय? पट्टे आवळण्याआधी हे पाहा

संपादक महोदय,

घोरणे आणि स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडखळण्याचा आजार) यांवर आता वर्तमानपत्रांतून बरेच छापून येते. तपासणी कशी होते, वजनाचा संबंध काय, हे वाचकांना माहीत झाले आहे. त्यावरचे सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र, घरी आल्यानंतर काय होते, यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही आणि मशीन कपाटात जाऊन पडते ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. मास्कमधून हवा सुटते, फुसफुस ऐकू येते, डोळ्यांवर झोत बसतो. मग घरचे लोक पट्टे आवळतात, नाहीतर कोणाला तरी विचारून दाब कमी करतात. हवा नेमकी कुठून सुटते ते मात्र कोणीच पाहत नाही.

प्रत्येक मास्कला पुढच्या बाजूला किंवा नळीच्या जोडाजवळ बारीक भोके असतात. तिथून हवा सतत बाहेर पडलीच पाहिजे, कारण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने जातो. हीच गळती समजून भोकांवर चिकटपट्टी लावणारी मंडळी आहेत. असे कधीही करू नये. खरी गळती कुशनच्या, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या सिलिकॉनच्या मऊ भागाच्या, कडेला असते. ओलसर बोट कडेवरून सावकाश फिरवले की जागा लगेच कळते.

मास्क बसून लावायचा नाही, आडवे होऊन लावायचा. आडवे झाल्यावर गाल सैलावतात, चेहऱ्याची ठेवण बदलते. बसून घट्ट वाटलेला मास्क रात्री गळतो, तो त्यामुळे. पट्टे सैल ठेवून मशीन सुरू करा. दाब आला की मास्क सरळ पुढे ओढून चेहऱ्यापासून जरासा दूर न्या आणि पुन्हा टेकवा. सिलिकॉनच्या आतल्या पातळ पापुद्र्यात हवा भरते आणि खरे काम तोच करतो. मग आधी खालचे पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे ओढा, नंतर वरचे. आवाज थांबला की हात आवरा. त्यापुढे आवळले तर पापुद्रा दुमडतो, गळती उलट वाढते आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते ती वेगळीच.

डोळ्यांकडे हवा येत असेल तर वरचा पट्टा किंवा कपाळाचा आधार तपासा. ओठांच्या कोपऱ्यातून येत असेल तर माप मोठे असण्याची शक्यता जास्त. आजी-आजोबांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे कवळी. मास्कचे माप कवळी घालून घेतलेले असते आणि रात्री कवळी वाटीत! गाल आत जातात, तोंडावरचा मास्क सैल पडतो. झोपताना कवळी काढत असाल तर माप तसेच घ्यायला हवे. दाढी असल्यास तोंड-नाक झाकणारा मास्क नीट बसत नाही. अशा वेळी नाकपुड्यांना टेकणारे पिलो मास्क बरे. रात्री चेहऱ्याला क्रीम किंवा तेल नको. कुशन रोज कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, कारण चेहऱ्याचा तेलकटपणा सिलिकॉनवर साचला की ते घसरू लागते.

आता दाबाविषयी. तो पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि नेहमीच्या मशीनची मर्यादा ४ ते २० असते. गरजेप्रमाणे दाब आपोआप कमी-जास्त करणारे ऑटो मशीन पुष्कळदा याच पूर्ण टप्प्यावर सोडून दिलेले असते, हे आम्हाला पटत नाही. ४ वर अनेकांना हवा पुरत नाही, गुदमरल्यासारखे होते. उलट वरचा टप्पा मोकळा असला की दाब चढतो, मास्क उचलला जातो आणि गळतीमुळे मशीनचा अंदाजही चुकू लागतो. काही रात्रींच्या नोंदी पाहून डॉक्टरांनी हा टप्पा आखून द्यावा. स्वतः दाब उतरवला तर आवाज थांबेल, पण श्वास अडखळणे परत सुरू होईल. दाब नकोसा वाटतो तेव्हा रॅम्प (सुरुवातीला दाब हळूहळू वाढवणारी सोय) आणि श्वास सोडताना दाब हलका करणारी सोय तपासून घ्या. पोट फुगणे, सकाळी ढेकरा येणे ही हवा गिळली जात असल्याची खूण. तीही डॉक्टरांना सांगावी.

मास्क ठीक असूनही सकाळी तोंड कोरडे पडत असेल तर हवा तोंडावाटे जाते आहे. आधी नाक मोकळे आहे का ते पाहा. चोंदलेल्या नाकावर तोंड मिटून ठेवणारा हनुवटीचा पट्टा बांधून काहीच साधत नाही. एसीच्या खोलीत नळीत पाणी साचून गुडगुड होते, तेव्हा ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) एक पायरी खाली आणा, नळी पांघरुणाखालून घ्या आणि मशीन उशीच्या पातळीखाली ठेवा.

सकाळी पडद्यावर एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा) ५ च्या आत दिसला की लोक निश्चिंत होतात. मात्र गळती जास्त असताना या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. रेसमेड कंपनीच्या मशीनवर भोकांतून जाणारी हवा वजा करून गळती दाखवतात आणि मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की ती जास्त धरतात. दुसऱ्या काही मशीन एकूण हवा दाखवतात, म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. मास्कचा प्रकार बदलल्यावर मशीनच्या सेटिंगमध्येही तो बदलावा लागतो. हे विक्रेतेसुद्धा विसरतात.

वीज जाणाऱ्या गावांत इन्व्हर्टरवर मशीन चालवताना ह्युमिडिफायर बंद ठेवल्यास बॅटरी बरीच जास्त टिकते.

विक्रेत्यांकडे एकच मागणी आहे. निदान तीन मापांचे मास्क ग्राहकाला आडवे झोपवून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दाबावर मशीन चालू ठेवून लावून दाखवावेत आणि मास्क बदलून देण्याची मुदत बिलावर लिहावी.

— स्लीप लॅबमधील काही तंत्रज्ञ, पुणे