डोक्याला मार लागलेला खेळाडू मैदानाबाहेरच हवा

संपादक महोदय,

शालेय फुटबॉल स्पर्धा तोंडावर आल्या आहेत आणि त्यापाठोपाठ आंतरग्राम स्पर्धांनाही रंग चढेल. आयोजकांच्या बैठकांत मैदान, बक्षिसे, प्रमुख पाहुणे या सगळ्यांची चर्चा होते. पण डोक्याला मार लागलेल्या मुलाला मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार कोणाचा, हा विषय निघालेला मी इतक्या वर्षांत ऐकलेला नाही.

डोके आदळले की कवटीच्या आत मेंदू हिसकला जातो आणि त्याचे काम काही काळ बिघडते. यालाच कन्कशन म्हणतात. बहुतेक वेळा खेळाडू बेशुद्ध पडत नाही आणि सीटी स्कॅनमध्येही सहसा काही आढळत नाही. त्यामुळे ‘उठून उभा राहिला, म्हणजे बरा आहे’ असा समज मैदानावर घट्ट बसला आहे. डिचोली तालुक्यातील एका सामन्यात कॉर्नर किकवर दोन मुलांची डोकी आदळलेली मी पाहिली. त्यांपैकी एकाच्या डोक्यावर पाणी ओतले, कपाळावर स्प्रे मारला आणि तो उभा राहताच टाळ्या पडल्या. पुढच्या काही मिनिटांत त्याने सोबत्याला दोनदा विचारले, ‘स्कोर किती झाला?’ तरीही तो शेवटपर्यंत खेळला, कारण त्याला थांबवणे हे कोणाचेच काम नव्हते.

याबाबतीत मोठ्या मैदानांवरही चुका झाल्या आहेत. २०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा क्रिस्टोफ क्रॅमर डोक्याला मार लागल्यावरही काही मिनिटे खेळत राहिला आणि ‘हा अंतिम सामनाच आहे ना?’ असे त्याने पंचांनाच विचारले. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू लागल्यानंतर स्टीव्ह स्मिथ तपासणीत उत्तीर्ण होऊन पुन्हा फलंदाजीला आला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागला आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. तज्ज्ञ डॉक्टर हजर असतानाही लक्षणे अशी उशिरा दिसत असतील, तर आमच्या मैदानावर पाण्याची बाटली घेऊन धावणाऱ्या प्रशिक्षकाने क्षणात निर्णय घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरण्याआधी दुसरा धक्का बसला, तर त्याला झपाट्याने सूज येऊ शकते, आणि हा धोका किशोरवयीन मुलांना अधिक असतो. असे क्वचितच घडते, पण घडले की जिवावर बेतते.

म्हणून क्रीडा संचालनालयाने आणि गोवा फुटबॉल संघटनेने शालेय व गावपातळीवरील स्पर्धांसाठी एकच नियम करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी रेफरीने त्या खेळाडूला बाहेर काढावे, त्या दिवशी त्याला परत घेऊ नये आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुढच्या सामन्यात उतरवू नये. संघ अपुरा पडेल ही तक्रारही आता टिकणारी नाही, कारण फुटबॉलच्या नियमांनी जुलै २०२४ पासून कन्कशनसाठी जादा बदली खेळाडू देण्याची मुभा स्पर्धा आयोजकांना दिली आहे. आमच्याकडे ती फक्त स्वीकारायची आहे. कबड्डीत पकड करताना गुडघा डोक्याला लागतो, तिथेही हाच नियम हवा.

पालकांनीही सुरुवातीचे एक-दोन दिवस मुलाला विश्रांती द्यावी, मोबाईल दूर ठेवावा आणि खेळाकडे टप्प्याटप्प्याने परतू द्यावे. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, न ओसरणारी गुंगी किंवा कान-नाकातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) गाठावे. स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेच्या मागच्या बाजूला ही लक्षणे छापायला आयोजकांना वेगळा खर्चही येणार नाही.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, डिचोली